छायाचित्राची साक्ष

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. धर्मादाय संस्थेच्या उत्सवात दानाचे माहात्म्य सांगावे, अशी रूढी आहे. परंतु ज्यांनी पन्नास वर्षे दानधर्म आचरून दाखविला, त्यांना तो शब्दांनी पुन्हा सांगणे म्हणजे घागरभर पाणी आणून तापीत ओतण्यासारखे होय. म्हणून आम्ही जरा निराळा विषय निवडला आहे. वृत्तपत्रांत, स्मरणिकांत आणि आता प्रत्येकाच्या हातातील फोनवर जी छायाचित्रे आपण पाहतो, त्यांत फेरफार करणे कितपत योग्य, हा तो विषय.

हा विषय संपादकांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपणांपैकी बहुतेकांची घरे मूळची खानदेशात, कोणाची देशावर, कोणाची कोकणात. पोटासाठी आपण या शहरात आलो, मागावर उभे राहिलो, हिऱ्याच्या घंटीवर बसलो, दुकाने घातली. गावाकडची खबर आपल्याला चित्रांतून कळते आणि आपली खबर गावाला चित्रांतूनच कळते. जो माणूस आपल्या गावापासून दूर राहतो, त्याला डोळ्यांनी पाहण्याची सोय नसते. दुसऱ्याने दाखविले ते खरे मानून चालावे लागते. तेव्हा दाखविणाऱ्याने खरे दाखवावे, यात आपला स्वार्थ इतरांहून अधिक आहे.

प्रारंभ सुरतेपासूनच करू. १९०७ सालच्या डिसेंबरात याच तापीकाठी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. ते आधी नागपूरला व्हायचे होते, ते येथे आणण्यात आले. डॉ. रासबिहारी घोष अध्यक्ष. २६ तारखेला गोंधळ होऊन सभा तहकूब झाली. २७ तारखेला लोकमान्य टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले आणि पुढे जे रणकंदन झाले, ते इतिहासात प्रसिद्धच आहे. एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि तेथून फिरोजशहा मेहतांवर आदळला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज बातमीदार त्या वेळी मंडपात हजर होता. त्याने तो जोडा दक्षिणी घडणीचा होता, त्याचे टोक कसे होते, येथपर्यंत वर्णन लिहून ठेवले आहे.

आता गंमत अशी, की या जोड्याचे छायाचित्र नाही. सुरतेच्या त्या दिवसांचे जे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल, ते राष्ट्रीय पक्षाच्या सभेचे. अरविंद घोष अध्यक्षस्थानी बसले आहेत, टिळक उभे राहून बोलत आहेत. चित्र शांत आहे. आरडाओरड नाही, मोडलेल्या खुर्च्या नाहीत. ज्याने केवळ हे चित्र पाहिले, त्याला सुरतेस राष्ट्रीय सभा दुभंगली हे कळणारच नाही. ज्याने नेव्हिन्सनचे वर्णन वाचले, त्याला जोडा दिसेल. पण तो त्याच्या मनश्चक्षूंना दिसेल, आणि आपण वर्णन वाचत आहोत याचे भान त्याला राहील. शब्द आणि चित्र यांत हा भेद आहे. शब्द सांगणाऱ्याचे असतात, म्हणून आपण सांगणारा कोण ते विचारतो. चित्र मात्र आपल्याच डोळ्यांनी पाहिले असे वाटते, म्हणून आपण कोणालाच काही विचारत नाही.

आज एखाद्या मुलाने यंत्राला आज्ञा केली, तर तो जोडा हवेत असतानाचे, कडेला जुने डाग पडलेले, पिवळटलेले छायाचित्र घटकाभरात तयार होईल. ते खऱ्या चित्राहून अधिक खरे वाटेल. दोन वर्षे ते फोनाफोनांतून फिरले, की एखाद्या शालेय प्रदर्शनात ते टांगले जाईल, आणि पुढे कोणी प्रामाणिक अभ्यासक 'असे छायाचित्र अस्तित्वात नाही' असे सांगू लागला, तर लोक त्यालाच वेड्यात काढतील. हे सर्व कोणाचे वाईट चिंतून होईल असेही नाही, कौतुकाने होईल. म्हणूनच त्याचा विचार करावयास हवा.

छायाचित्रावर आपली इतकी श्रद्धा का बसली, हे पाहिले पाहिजे. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्या पहिल्या काळातच या कलेत नाव मिळविले. चितारी आपल्या मनाप्रमाणे रंग भरतो. यंत्राला मन नाही, तेव्हा त्यात पक्षपात नाही, अशी त्या काळच्या लोकांची समजूत झाली. परंतु यंत्राला मन नसले, तरी यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाला ते असतेच. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ साली लखनौला पोहोचला. सिकंदर बागेतील कत्तल तत्पूर्वी काही महिने, म्हणजे १८५७ च्या नोव्हेंबरात झाली होती. तरी त्याच्या चित्रात इमारतीसमोरच्या अंगणात हाडे आणि कवट्या पसरलेल्या दिसतात. चित्रासाठी ती हाडे मुद्दाम मांडली गेली, असे इतिहासकार मानतात. काचेवर कुंचला फिरला नाही, कात्री चालली नाही. तरीही चित्र रचलेले होते.

याच्या उलट एक मराठी उदाहरण घ्या. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत जाऊन छायाचित्रे घेतली. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत आणि माणसे त्यांच्याजवळ उभी राहून त्या दाखवीत आहेत. आता ही माणसेही छायाचित्रासाठीच उभी आहेत, हे लहान मूलही ओळखील. पण तेथे फसवणूक नाही. 'आम्ही नंतर येथे उभे राहून तुम्हांस दाखवीत आहोत' असे ते चित्र स्वतःच सांगते. भिंत खरी, भोके खरी, दाखविणारे बोट खरे. बेआतोच्या चित्रात मांडणी लपविली आहे. विरकरांच्या चित्रात ती उघड आहे. आमच्या आजच्या सर्व विवेचनाचे सार या दोन चित्रांत आले, असे म्हटले तरी चालेल.

आता फेरफार म्हणजे काय, हे नीट ठरविले पाहिजे. नाहीतर सगळेच पाप ठरेल, किंवा काहीच पाप ठरणार नाही. काळोखात घेतलेले चित्र थोडे उजळ करणे, धुळीचा डाग पुसणे, कडेचा निरुपयोगी भाग कापणे, ही कामे अंधाऱ्या खोलीत पहिल्यापासून होत आली. जुन्या छापखान्यात ब्लॉक करावयास देण्यापूर्वी रिटचिंगचा कारागीर कुंचला घेऊन बसत असे, कारण हलक्या कागदावर चेहरा उमटावा म्हणून त्याची रेघ ठळक करणे भाग होते. हे दोष मानले गेले नाहीत, आणि मानू नयेत. दोष सुरू होतो तो प्रसंगात जे नव्हते ते घालण्यापासून, किंवा जे होते ते काढून टाकण्यापासून.

याची उदाहरणे जगभर आहेत. १९४५ च्या मे महिन्यात बर्लिनच्या राइशस्टागवर रशियन सैनिक निशाण फडकावीत असल्याचे येवगेनी खाल्देई यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यातील एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. दोन घड्याळे म्हणजे लूट, असा अर्थ निघाला असता; म्हणून एक घड्याळ खरवडून काढण्यात आले, आणि आकाशात धूरही वाढविण्यात आला. १९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक' या मान्यवर मासिकाने उभ्या मुखपृष्ठावर आडवे चित्र मावावे म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले. साडेचार हजार वर्षे ज्यांना कोणी हलविले नाही, ते मुखपृष्ठाच्या सोयीसाठी हलले! २००३ साली इराकच्या युद्धात ब्रायन वॉल्स्की या छायाचित्रकाराने बसऱ्यातील दोन चित्रे जोडून एक अधिक परिणामकारक चित्र बनविले. मागे बसलेली तीच माणसे दोनदा दिसली आणि लबाडी उघडकीस आली. 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने त्यांना तत्काळ कामावरून दूर केले. २००६ साली बैरुतवरचा धूर दाट करणाऱ्या अदनान हज्ज यांची सगळी, म्हणजे ९२० चित्रे रॉयटर्सने आपल्या संग्रहातून काढून टाकली. येथे लक्षात घ्या, की दोष थोड्याच चित्रांत सिद्ध झाला. काढली गेली सर्व. एका खोट्याने उरलेल्यांची पत घेतली.

आपल्या देशातही असे घडले आहे. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईला महापूर आला होता. पंतप्रधानांनी विमानातून केलेल्या पाहणीचे एक चित्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले. त्यात खिडकीबाहेरचे दृश्य दुसऱ्या चित्रातून आणून बसविले होते. लोकांनी ते ओळखले. कार्यालयाला ते मागे घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. पाहणी खरी होती, पूर खरा होता, पंतप्रधान खरोखरच गेले होते. खऱ्या गोष्टीला खोटा पुरावा जोडल्याने खऱ्याचेच नुकसान झाले. आणि परदेशी राजवाडेही यातून सुटलेले नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या राजघराण्याने युवराज्ञी आणि त्यांच्या मुलांचे एक कौटुंबिक चित्र दिले, तेव्हा त्यात फेरफार आढळताच मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी ते वापरू नये अशी सूचना काढली. चित्र घरगुती, हेतू निष्पाप. परंतु बातमी म्हणून दिले, की त्याला बातमीचा नियम लागू होतो.

२०२३ च्या २८ मे रोजीचा प्रसंग याहून कठोर आहे. दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीगिरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. गाडीत बसलेल्या विनेश फोगाट आणि संगीता फोगाट यांचे चित्र प्रसिद्ध झाले. मूळ चित्रात त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. कोणीतरी यंत्राच्या साहाय्याने त्यांना हसविले, आणि 'पाहा, यांचे आंदोलन म्हणजे नाटक' असे सांगत ते चित्र सर्वत्र फिरविले. आंदोलनाबद्दल कोणाचे मत काहीही असो. परंतु एखाद्याच्या चेहऱ्यावरचे दुःख पुसून तेथे हसू चिकटविणे, म्हणजे त्याची साक्ष बदलणे होय. न्यायालयात असे करणाऱ्याला आपण काय म्हणू?

येथवर चित्राच्या आतील फेरफार झाला. पण चित्राला बोट न लावताही ते खोटे करता येते. त्याचे साधन म्हणजे चित्राखालची ओळ.

आपणा मराठी माणसांना हे कोणी शिकवायला नको. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र वर्षानुवर्षे छत्रपती शिवाजीमहाराजांचे म्हणून छापले जात होते. चित्र अस्सल होते; नाव चुकीचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतील चित्र शोधून १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले, तेव्हा आपल्या दैवताचा चेहरा आपण चुकीचा पुजत होतो हे महाराष्ट्राला कळले. त्या चुकीत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तरी ती दुरुस्त करण्यास एका व्यासंगी माणसाचे श्रम खर्ची पडले.

जेथे दुष्ट हेतू असतो, तेथे काय होते ते आपल्या खानदेशानेच पाहिले आहे. १ जुलै २०१८. रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुले पळविणारी टोळी आली, अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून सर्वत्र पसरली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. पाचही जणांना. बहुरूप्यांना, भराड्यांना, गोसाव्यांना पिढ्यान्‌पिढ्या पसाभर धान्य घालणारी आपली माणसे. त्याच माणसांच्या हातून हे घडले.

त्या काळात देशभर ज्या चित्रफिती आणि चित्रे फिरत होती, त्यांपैकी दोहोंची हकिगत सांगण्याजोगी आहे. एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेताना दिसत. ती चित्रफीत कराचीची. पालकांनी मुलांना जपावे म्हणून तेथील एका संस्थेने ती मुद्दाम तयार केली होती, आणि शेवटी ते मोटारसायकलस्वार मूल परत आणून सोडतात व उपदेशाचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापला. बस, एवढेच केले. मुलांच्या रक्षणासाठी बनविलेले चित्र माणसे मारण्याचे शस्त्र झाले. दुसरे चित्र मृत मुलांच्या रांगेचे. ती मुले सीरियातील घौटा येथे २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली होती. चित्राखाली लिहिले गेले की ही आपल्याकडची, अवयवांसाठी मारलेली मुले. त्या चित्रातील एक कणही बदलला नव्हता. मुले खरी, मरण खरे, आक्रोश खरा. खोटे होते ते फक्त गावाचे नाव.

म्हणून आम्ही म्हणतो, की हा विषय केवळ संपादकांचा नाही. राईनपाड्यात जो जमाव जमला, त्याला कोणत्या संपादकाने बोलाविले नव्हते. जो माणूस एक चित्र पुढे पाठवितो, तो त्या क्षणापुरता संपादकच असतो. फरक इतकाच, की संपादकाचे नाव पत्राच्या पाठीवर छापलेले असते आणि आपले नसते.

आणखी एक सूक्ष्म प्रकार आहे, तो निवडीचा. १९९४ च्या सप्टेंबरात या शहरात प्लेगची साथ आली. तोंडाला रुमाल बांधलेल्या, मिळेल त्या गाडीने शहर सोडणाऱ्या लोकांची चित्रे जगभर गेली. ती खोटी नव्हती. परंतु शहरात राहून औषधपाणी करणारे डॉक्टर होते, गटारे उपसणारे सफाई कामगार होते, शेजाऱ्याच्या घराला कुलूप लावून त्याच्या गुराला चारा घालणारे लोकही होते. पळणाऱ्यांच्या चित्रांइतकी त्यांची चित्रे लोकांच्या स्मरणात राहिली नाहीत. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराचा कायापालट झाला, तरी सुरत म्हटले की प्लेग, हे समीकरण बाहेरगावच्या लोकांच्या डोक्यातून जावयास पुष्कळ वर्षे लागली. तेव्हा खऱ्या चित्रांची निवडसुद्धा न्यायबुद्धीने करावी लागते.

आता याविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप घेऊ. तो आक्षेप धर्मादाय संस्थेच्या तोंडून निघतो, म्हणून त्याचा विचार या मंडपात झालाच पाहिजे. असे म्हणतात, की हेतू चांगला असेल तर काय बिघडले? समजा पूर आला आहे. २००६ च्या ऑगस्टात तापीने या शहराचे काय केले, ते आपण जाणताच. उकाईचे पाणी सुटले आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी निधी जमवायचा आहे. एखाद्या उपाशी मुलाच्या डोळ्यांत दोन अश्रू काढून घातले, मागचे पाणी जरा खोल दाखविले, आणि त्यायोगे दहा कुटुंबांना धान्य मिळाले, तर पाप कोणते? अश्रू खोटे असतील; भूक तर खरी आहे!

या आक्षेपाला आमची तीन उत्तरे आहेत. पहिले असे, की दात्याने जे दिले, ते खरे समजून दिले. त्याला खरे सांगितले असते तर त्याने कदाचित कमी दिले असते. पण ते त्याचे स्वतःचे दान झाले असते. खोट्या चित्राने काढलेले पैसे दान राहत नाहीत. दुसरे असे, की धर्मादाय संस्थेचे भांडवल म्हणजे तिची पत. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. पत गेली तर वर्गणीचे पुस्तक घेऊन दाराशी आलेल्या स्वयंसेवकाकडे लोक संशयाने पाहतात, आणि पुढच्या पुरात खरे चित्र दाखविले तरी ते विचारतात, 'हेही तसेच काय?' लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती यासाठीच. तिसरे उत्तर आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या मुलाचा चेहरा त्याचा आहे. त्याच्याजवळ घर उरले नाही, कपडे उरले नाहीत; निदान चेहरा तरी त्याचा त्याला असू द्या. तो त्या वेळी रडत नसेल, तर त्याच्या न रडण्याला काही मोल आहे. मदत करताना त्याचे धैर्य पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मग चित्रात बदल कधीच करू नये काय? तसेही नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची किंवा बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे; तेथे चेहरा झाकणे हे कर्तव्यच होय. मात्र तो झाकलेला आहे हे सर्वांना दिसते. झाकणे आणि बदलणे यांत अंतर आहे. पडदा ओढणारा 'येथे काही झाकले आहे' असे सांगतो. मुखवटा चढविणारा तेच लपवितो.

या शहराच्या धंद्यातूनच याचा दाखला देऊ. सुरतेची जर प्रसिद्ध आहे. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. नकली जरीत तांब्याची तार आणि तिच्यावर चांदीचा हात फिरविलेला. नकली जर विणणारा चोर नव्हे. ज्या गरिबाच्या लेकीला खऱ्या जरीचा शालू परवडत नाही, तिच्या लग्नात तीच जर झळकते, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. चोर तो, जो नकली जर खरी म्हणून विकतो. आज या शहरात खाणीतला हिरा घासला जातो, तसा प्रयोगशाळेत वाढविलेला हिराही घासला जातो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून तर दाखला लागतो. जेथे डोळा ओळखू शकत नाही, तेथे सांगण्याची जबाबदारी वाढते. बाजारातला हा नियम आपल्यातला प्रत्येक व्यापारी पाळतो, निदान पाळावा असे मानतो. तोच नियम चित्राला लावा. साड्यांच्या कॅटलॉगमध्ये रंग खुलविलेला असतो, तेथे कोणी बातमी शोधीत नाही. यंत्राने रचलेले चित्र शोभेसाठी वापरले आणि खाली तसे लिहिले, तर त्यात दोष नाही. वृत्तपत्राच्या पानावर ते घटनेचे म्हणून आले, की तांब्याची तार चांदीच्या भावाने विकली गेली.

यावरून आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. चित्रावर जे काही केले, ते त्याच चित्राखाली चार शब्दांत छापण्याची तयारी आहे काय? 'चित्र उजळ केले आहे' असे छापण्यास कोणाला संकोच वाटणार नाही. 'गैरहजर सद्गृहस्थांना दुसऱ्या चित्रातून आणून बसविले आहे' असे छापण्यास मात्र हात अडखळेल. जेथे हात अडखळतो, तेथे थांबावे.

गैरहजर सद्गृहस्थांवरून आठवले. जुन्या स्मरणिकांत कार्यकारी मंडळाचे सामुदायिक छायाचित्र असे, आणि त्या दिवशी जे आले नसतील त्यांचा चेहरा वरच्या कोपऱ्यात एका लंबवर्तुळात छापलेला असे. आपल्याला त्याचे हसू येते. पण त्या लंबवर्तुळात केवढा प्रामाणिकपणा होता! 'हे आमचेच आहेत, पण त्या दिवशी येथे नव्हते' असे ते सांगत असे. त्यांचा मान राहिला आणि सत्यही राहिले. आता एका बोटाने त्यांना पहिल्या रांगेत बसविता येते, आणि ज्यांच्याशी मतभेद झाला त्यांना तितक्याच सहजतेने उठविताही येते. पन्नास वर्षांनंतर शताब्दीची स्मरणिका काढणारी मुले याच चित्रांवरून इतिहास लिहितील. त्यांच्यासाठी कोपऱ्यातले ते लंबवर्तुळ पुन्हा सुरू करावे, अशी आमची विनंती आहे.

विनंत्याच करावयाच्या, तर आणखी दोनतीन करतो. संस्थेने प्रत्येक कार्यक्रमाचे मूळ छायाचित्र, कोणताही बदल न करता, जपून ठेवावे. प्रत्येक चित्राखाली स्थळ आणि तारीख असावी. तारीख नसलेले चित्र म्हणजे दोर तुटलेली नाव, ती कोणत्याही काठाला लागते. शिष्यवृत्ती किंवा धान्य घेणाऱ्याचे चित्र त्याला विचारल्यावाचून छापू नये, आणि तो नको म्हणाला तर नुसते देणाऱ्याचे हात छापले तरी दान कमी होत नाही. आणि आपण सर्वांनी, फोनवर आलेले थरारक चित्र पुढे पाठविण्यापूर्वी, हे कोठले, केव्हाचे आणि कोणी घेतले, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर चित्र आपल्यापाशीच राहू द्यावे. त्या तीन प्रश्नांना लागणारा वेळ एका माणसाच्या प्राणाएवढा मोलाचा असू शकतो, हे राईनपाड्याने शिकविले आहे.

शेवटी या परिसरातील एका कर्तबगार स्त्रीचे स्मरण करून आम्ही आपली रजा घेऊ. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली येथून जवळच, नवसारीस झाला. वृत्तपत्रासाठी छायाचित्रे घेणाऱ्या त्या भारतातील पहिल्या महिला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची दिल्ली त्यांनी टिपली. मोठमोठ्या पुढाऱ्यांना जवळून पाहिले. समोरच्याची बेसावध, लाजिरवाणी अवस्था टिपून ती बाजारात मांडणे त्यांना मान्य नव्हते. छायाचित्रकारानेही काही मर्यादा पाळावी असे त्या मानीत. पुढे धंद्यातील वागणूक बदलू लागली, तेव्हा १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, आणि २०१२ साली बडोद्यास त्यांचा अंत झाला, तोवर त्या धंद्याकडे परतल्या नाहीत. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. कॅमेरा उचलणाऱ्यांचा गौरव नेहमीच होतो. तो केव्हा खाली ठेवावा हे ज्यांना कळले, अशा माणसांचाही गौरव व्हावा.

संस्थेने पन्नास वर्षे या शहरात मराठी माणसाची पत राखली. ती पत चित्रातही तशीच राखली जावो, आणि शताब्दीच्या दिवशी आजचे चित्र पाहून त्या वेळचे वृद्ध म्हणोत, की होय, असेच होते.